काइनाची खूण

अमेरिकेतल्या एखाद्या ग्रामीण काउंटीत राहणाऱ्या लैंगिक गुन्हेगारांची यादी पाहायची तर परवानगी लागत नाही, ओळखपत्र लागत नाही, कारणही सांगावे लागत नाही. काउंटीचे नाव किंवा टपालाचा पिनकोड टाकला की पुरे. आधी एक सूचना येते: ही माहिती कुणाला त्रास देण्यासाठी किंवा धमकावण्यासाठी वापरायची नाही, मान्य असेल तर चौकटीत खूण करा. खूण केली की नकाशा उघडतो आणि त्यावर टाचण्या दिसू लागतात. मोठ्या शहराच्या नकाशावर या टाचण्या एकमेकींवर चढलेल्या असतात. ग्रामीण काउंटीत मैलोन्मैल मक्याची शेते, मधूनच गेलेला एक खडीचा रस्ता आणि त्याच्या टोकाला एकच टाचणी. तिच्यावर बोट ठेवले की समोरून काढलेला एक चेहरा येतो. खाली नाव, वय, उंची, वजन, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण आणि गोंदण, घराचा पत्ता, बऱ्याच राज्यांत गाडीचा तपशील, कुठे कुठे नोकरीचे ठिकाणही. त्याखाली कायद्याचे कलम आणि शिक्षा झाल्याची तारीख. ही तारीख २५ वर्षांपूर्वीची असू शकते. फोटो मात्र अलीकडचा असतो, कारण गुन्ह्याच्या प्रतवारीप्रमाणे वर्षातून एकदा, दोनदा किंवा चारदा त्या माणसाला शेरीफच्या कचेरीत स्वतः हजर राहून आपली नोंद ताजी करून द्यावी लागते.

जुनी तारीख आणि आजचा चेहरा असे एका पानावर बांधलेले असतात. किती काळ बांधून ठेवायचे आणि तो अधिकार कुणाचा, हा प्रश्न तिथे कायद्याचा म्हणून मांडला जातो. त्याच्या तळाशी मात्र धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे: ज्याने घोर पाप केले आणि त्याची शिक्षा भोगली, त्याच्याशी बाकीच्यांनी पुढे कसे वागायचे? पाप धुतले गेले की नाही हे ठरवणे माणसाच्या हातात नाही, राज्याच्या तर नाहीच. क्षमा करायची की नाही हे ज्याच्यावर अत्याचार झाला त्यानेच ठरवायचे; शेजाऱ्याने, न्यायाधीशाने किंवा लेख लिहिणाऱ्याने ती परस्पर देऊन टाकणे हा त्या जिवावर दुसरा अन्याय होईल. पण वागायचे कसे, हा प्रश्न सगळ्या गावाचा आहे. माझे म्हणणे असे की सर्वांना खुली असलेली ही यादी त्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, ती गावाला उत्तर शोधण्यातून मोकळे करते. ती हरेकाच्या हाती माहिती ठेवते आणि त्या माहितीबरोबर यायला हवी ती जबाबदारी कुणाच्याच पदरात टाकत नाही. अशा माहितीने मुलांचे रक्षण होते याचा पुरावा अतिशय तोकडा आहे, आणि ज्याच्यावर ही टाचणी टोचली जाते तो माणूस कायमचा त्याच्या एका कृत्याएवढा उरतो.

यादीचा जन्म ग्रामीण काउंटीतच झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मिनेसोटा राज्यातल्या स्टर्न्स काउंटीत सेंट जोसेफ नावाचे लहानसे गाव आहे. २२ ऑक्टोबर १९८९च्या रात्री तीन मुले दुकानातून सिनेमाची कॅसेट घेऊन सायकलवरून घरी परतत होती. तोंड झाकलेल्या, हातात बंदूक असलेल्या माणसाने त्यांना अडवले, दोघांना पळायला लावले आणि ११ वर्षांच्या जेकब वेटरलिंगला नेले. जेकबची आई पॅटी वेटरलिंग यांनी त्यानंतर जो पाठपुरावा केला, त्यातून आधी राज्याचा आणि मग १९९४ साली जेकबच्या नावाचा केंद्रीय कायदा आला. त्यात मागणी साधी होती: असे मूल नाहीसे झाले तर पहिल्या काही तासांत कुणाकडे चौकशी करायची, हे पोलिसांना ठाऊक असावे. यादी पोलिसांच्या कामाची होती, गावाने चाळण्याची नव्हती. जेकबचे काय झाले हे कळायला २०१६ साल उजाडले. ज्याने कबुली दिली तो जवळच्याच पेन्सव्हिल गावात राहणारा होता. १९८९-९० मध्ये पोलिसांनी त्याची चौकशी करून त्याला सोडले होते. अशा गुन्ह्यासाठी त्याला तोवर कधी शिक्षाच झालेली नव्हती. म्हणजे त्या वेळी यादी असती तरी तिच्यात त्याचे नाव नसते. पेन्सव्हिलमध्ये आधीच्या काही वर्षांत मुलांवर हल्ले झाले होते, शेजारच्या कोल्ड स्प्रिंगमध्ये १९८९च्याच जानेवारीत एका मुलाला पळवून त्याच्यावर अत्याचार झाला होता. मुलांनी सांगितले होते. ते तुकडे वेळेवर जोडले गेले नाहीत.

यादी खुली झाली ती दुसऱ्या एका मृत्यूनंतर. २९ जुलै १९९४ रोजी न्यू जर्सीतल्या हॅमिल्टन टाउनशिपमध्ये मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीला समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाने बोलावून नेले आणि मारले. त्याला पूर्वी दोनदा मुलांवरच्या अत्याचारासाठी शिक्षा झाली होती आणि मेगनच्या आईबापांना ते माहीत नव्हते. तीन महिन्यांत राज्याचा कायदा झाला, १९९६ साली केंद्राने तो सर्व राज्यांना लागू केला, आणि शेजाऱ्याला कळवणे हे राज्याचे काम ठरले. २००६च्या कायद्याने गुन्ह्यांच्या तीन प्रती पाडल्या: १५ वर्षे नोंद, २५ वर्षे नोंद, आजन्म नोंद. काही गुन्ह्यांसाठी १४ वर्षांची मुलेही त्यात आली. आज यादीत सुमारे आठ लाख माणसे आहेत. बलात्कारी आहेत, आणि आपल्याहून दोन-तीन वर्षांनी लहान मैत्रिणीशी तिच्या राजीखुशीने संबंध ठेवलेली पोरेही आहेत. पॅटी वेटरलिंग यांनीच पुढे जाहीरपणे म्हटले आहे की हे कायदे फार ताणले गेले, त्यांचा फेरविचार व्हायला हवा. पोटचे मूल गमावलेल्या आईने असे म्हणावे, यापुढे बाकीच्यांनी निदान थांबून ऐकायला हवे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली अलास्काच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की ही नोंद शिक्षा नाही, ती लोकांच्या सुरक्षिततेसाठी केलेली प्रशासकीय व्यवस्था आहे. शिक्षा नाही म्हटल्यामुळे ती जुन्या गुन्ह्यांनाही मागाहून लावता आली. २०१६ साली एका केंद्रीय अपील न्यायालयाने मिशिगनच्या कायद्याबद्दल उलट मत दिले: प्रत्यक्षात ही शिक्षाच आहे. मला या वादात कायद्याच्या बारकाव्यापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शिक्षेला निदान देणारा असतो. न्यायाधीश तोंडाने उच्चारतो, त्याखाली सही असते, मुदत असते, अपील असते. शिक्षा नसलेल्या या शिक्षेला देणारा कोणी नाही. घरमालक भाड्याने घर नाकारतो, धान्याच्या कोठारावरचा मुकादम कामावर घेत नाही, कुणी फाटकावर काहीतरी खरडून जातो. प्रत्येकजण थोडेसेच करतो आणि आपण काही केले असे कुणालाच वाटत नाही.

आपल्याकडे याला वाळीत टाकणे म्हणतात. पाणी-तंबाखू बंद, रोटी-बेटी बंद, आणि विचारायला गेले तर कोणीच काही केलेले नसते. या प्रकाराने किती घरे उद्ध्वस्त केली हे महाराष्ट्राला इतके ठाऊक होते की २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. जातपंचायतींचा दंड ही बहुतेक वेळा शुद्ध लुबाडणूक असे, तिची भलामण कुणी करू नये. पण तिथेही दंड भरून, जेवण घालून माणसाला परत घेण्याची काही रीत होती. आजन्म नोंदीला तेवढीही रीत नाही.

ज्या काउंटीत गाव लहान आणि चर्चे अनेक, तिथल्या लोकांच्या धर्मग्रंथात पहिल्या खुनाची गोष्ट पहिल्याच पुस्तकात येते. काइनाने भाऊ हाबेल याला मारले. शाप मिळाला: जमीन तुला पीक देणार नाही, तू भटकत राहशील. काइनाला भीती वाटली की जो कोणी आपल्याला गाठेल तो आपल्याला ठार करील. तेव्हा देवाने त्याच्यावर एक खूण केली. इंग्रजी बोलणारे लोक काइनाची खूण म्हणजे कलंक असे समजून वापरतात. ग्रंथात तिचा अर्थ नेमका उलटा आहे: ती खूण त्याला कुणी मारू नये म्हणून होती. शाप उठला नाही, हाबेल परत आला नाही, क्षमा केली असेही तिथे म्हटलेले नाही. तरीही ज्याने शिक्षा दिली त्यानेच बाकीच्यांचा हात धरला, कारण शिक्षा झाल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याने आपली भर घालायची नसते. यादीवरची टाचणी ही काइनाची उलटी खूण आहे; जो कोणी शोधील त्याला ती पत्ता देते. १६ एप्रिल २००६, ईस्टरचा रविवार. मेन राज्यातल्या दोन लहान गावांत त्या दिवशी दोन माणसांना त्यांच्या घरी जाऊन गोळ्या घालण्यात आल्या. मारणारा कॅनडातून आलेला एक तरुण होता; त्याने राज्याच्या यादीत अनेकांची नावे-पत्ते पाहिले होते. दोघांनाही तो ओळखत नव्हता. मेलेल्यांपैकी एकाचा गुन्हा लहान मुलावरचा आणि गंभीर होता. दुसरा यादीत आला होता तो मैत्रिणीमुळे, तिला सोळा पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरलेले असताना. त्याच दिवशी पोलीस येताच मारणाऱ्याने स्वतःलाही संपवले. राज्याने यादी काही काळ बंद केली आणि पुन्हा सुरू केली. सूचनेखालच्या चौकटीत खूण करून घेण्यापलीकडे यादीपाशी आवर घालण्याचे साधन नसते.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर जो विचार झाला, त्यातला एक शब्द इथे फार कामाचा आहे: व्यवहार्य. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात असे म्हटले आहे की अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेल्या पापाबाबत मात्र माणूस प्रायश्चित्ताने व्यवहार्य होतो, त्याच्याशी व्यवहार करता येतो. भाष्यकारांनी यावर पुष्कळ वाद घातला आहे. मिताक्षरा या याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेतला विचार मला आजही टवटवीत वाटतो: पापाचे नष्ट होणे वेगळे आणि माणसाचे समाजात परत येणे वेगळे. पाप त्याच्याकडेच राहू शकते, पण त्याच्याशी बोलायचे, त्याला काम द्यायचे, त्याच्या हातचे घ्यायचे की नाही, हे ठरवण्यासाठी पापाचा हिशेब पुरा होण्याची वाट पाहायची गरज नाही. मनुस्मृतीही या बाबतीत विचारात पाडते. नवव्या अध्यायात महापातक्यांच्या कपाळावर डाग द्यायला सांगितले आहे. गुरुपत्नीशी संबंध ठेवणाऱ्याला तर स्त्रीच्या जननेंद्रियाच्या चिन्हाचा डाग. लैंगिक गुन्ह्याची जाहीर खूण म्हणजे हीच. पण लगेच पुढे म्हटले आहे की जे प्रायश्चित्त करतील त्यांना कपाळावर डाग द्यायचा नाही, दंड करायचा. हा ग्रंथ महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी का जाळला गेला हे मराठी वाचकाला सांगायला नको, आणि मी त्याला प्रमाण म्हणून पुढे करत नाही. उलट्या बाजूने पाहावे. माणसांना जन्मावरून उतरंडीवर बसवणाऱ्या, डाग देण्यात अजिबात हात न आखडणाऱ्या ग्रंथालाही इतके कळत होते की सुधारणेची तयारी दाखवणाऱ्याच्या कपाळावर कायमची खूण ठेवली तर प्रायश्चित्ताला अर्थ उरत नाही.

इथे एक आक्षेप त्याच ग्रंथातून येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अकराव्या अध्यायात सांगितले आहे की बालहत्या करणारे, स्त्रीहत्या करणारे, शरण आलेल्याला मारणारे यांच्याबरोबर, ते विधिवत शुद्ध झाले तरी, राहू नये. म्हणजे काही पापे अशी की प्रायश्चित्तानंतरही संवास नको. मला हे चूक वाटत नाही. कुणा आईने अशा माणसावर भरवसा ठेवावा, त्याला अंगणात येऊ द्यावे, मुलाला त्याच्याजवळ क्षणभर सोडावे, असे कुठलाही धर्म सांगू शकत नाही. भरवसा हक्काने मागता येत नाही. पण संवास नको म्हणणे आणि व्यवहार नको म्हणणे यांत मोठे अंतर आहे. घर, काम, दवाखाना, दुकानातले सामान हा व्यवहार आहे. तो सगळा तोडल्यावर माणूस जाईल कुठे? आयोवा राज्याने शाळा आणि पाळणाघरांपासून २००० फुटांच्या आत अशा माणसांना राहायला बंदी केली. गावे लहान, शाळा गावाच्या मधोमध. गावात जागाच उरली नाही. माणसे मोटारीत, वाटेवरच्या थांब्यांवर, ओसाड शेतघरांत राहू लागली, कित्येकांचे पत्ते पोलिसांनाच सापडेनात. ही बंदी मागे घ्या, असे तिथल्या काउंटी सरकारी वकिलांच्या संघटनेनेच म्हटले; आरोपींच्या वकिलांनी नव्हे, त्यांना तुरुंगात धाडणाऱ्यांनी.

सर्वांत मोठा आक्षेप आईबापांचा आहे. मेगनच्या घरच्यांना माहीत असते तर त्यांनी मुलीला त्या घरापासून दूर ठेवले असते. यावर मला उत्तर नाही. कदाचित ती वाचली असती. एका मुलीच्या जिवापुढे तत्त्वज्ञानाने जपूनच बोलावे. पण कायदा एका घटनेवर उभा केला तरी त्याचे फळ हजारो घटनांत मोजावे लागते. न्यू जर्सीतच २००८ साली या कायद्याचा सरकारी खर्चाने अभ्यास झाला. पुन्हा गुन्हा होण्यावर किंवा बळींच्या संख्येवर त्याचा परिणाम दिसला नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एकवीस वर्षांच्या अटकांचा अभ्यास झाला, तेव्हा लैंगिक गुन्ह्यांत पकडलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिकांवर पूर्वीचा असा गुन्हा नव्हता, म्हणजे ते कुठल्याच यादीत नसते. आणि बळी अल्पवयीन असलेल्या, पोलिसांपर्यंत पोचलेल्या गुन्ह्यांत, अमेरिकन न्यायखात्याच्या २००० सालच्या आकड्यांप्रमाणे, ३४ टक्के गुन्हेगार घरचे, ५९ टक्के ओळखीचे आणि फक्त सात टक्के अनोळखी. रात्री नकाशावर खडीच्या रस्त्याची टाचणी पाहून दाराला कडी घालणारे घर ज्या धोक्यापासून सावध होते, तो पुष्कळदा कडीच्या आतच जेवायला बसलेला असतो.

पुन्हा तेच करतील, हे दुसरे म्हणणे. २००२च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपचार न घेतलेल्यांपैकी ८० टक्के पुन्हा गुन्हा करतात असा आकडा घेतला, आणि तो देशभरच्या निकालांत फिरत राहिला. २०१५ साली त्याचा माग काढला गेला तेव्हा मुळाशी १९८६च्या एका नियतकालिकातला लेख निघाला, कसलीही आकडेवारी न देता केलेले विधान. न्यायखात्याने १९९४ साली सुटलेल्या ९,६९१ पुरुषांचा तीन वर्षे मागोवा घेतला. पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी ५.३ टक्के पकडले गेले. २००५ साली सुटलेल्यांचा नऊ वर्षे मागोवा घेतला, तर ७.७ टक्के. हे पकडले गेलेल्यांचे आकडे आहेत आणि असे पुष्कळ गुन्हे उघडकीला येतच नाहीत, ही हरकत रास्त आहे. खरा आकडा याहून मोठा असणार. पण हाच अंधार यादीबाहेरच्या माणसांवरही आहे, आणि ज्यांच्याकडे कुणी बघतच नाही त्यांच्यावर तो अधिक दाट आहे. माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रेस्कॉट आणि रॉकॉफ यांच्या अभ्यासाचा आहे. माणसाची नोंद पोलिसांकडे असली की पुन्हा गुन्हा होण्याचे प्रमाण, विशेषतः ओळखीतल्या बळींबाबत, कमी होते. तीच नोंद जगापुढे मांडली की यादीतल्या माणसांकडून पुन्हा गुन्हा होण्याचे प्रमाण वाढलेले दिसते. माहिती तीच, माणूस तोच; फरक फक्त ती कुणाच्या हाती आहे याचा.

ग्रामीण काउंटीत याला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. यादीत पीडिताचे नाव नसते. शहरात ते पुरेसे असते. पण जिथे शाळेच्या एका वर्गात पंधरा मुले, तिथे पानावर बापाचे नाव, कलमावरून कळणारा मुलाचा वयोगट आणि साल असे तिन्ही दिसले की मुलगी कोण हे सांगायला कुणाची गरज पडत नाही. तिचे आडनाव यादीत असते, तिच्या घराचा पत्ता यादीत असतो. तिने गाव सोडले नाही तर किराणा दुकानापासून चर्चच्या बाकापर्यंत सगळीकडे ती त्या पानावरची मुलगी असते. आणि हे आधीच ठाऊक असलेली एखादी आई, नवऱ्याने किंवा थोरल्या मुलाने काय केले हे कळल्यावर, तक्रार करताना किती वेळा थबकत असेल? पुढे जाऊन आपल्या लेकराचे नाव आजन्म नकाशावर राहणार म्हणून जिथे तोंड बंद राहते, तिथे अत्याचार चालू राहतो. मुलांच्या रक्षणासाठी केलेली गोष्ट मुलांनाच गप्प बसवते, हा माझा या व्यवस्थेवरचा सर्वांत मोठा आरोप आहे.

मग जिच्यावर अत्याचार झाला ती म्हणेल: माझे दुखणे आजन्म आहे, त्याची नोंद का संपावी? या प्रश्नापुढे वाल्याचा वाल्मीकी झाला ही गोष्ट सांगू नये. त्या गोष्टीत वाटेवर लुटलेल्यांना कुणी काही विचारत नाही, म्हणून ती इतकी सोपी वाटते. पीडितेचा हक्क गुन्हेगाराच्या हक्काहून मोठा आहे. तो कधी सुटतो, कुठे राहतो, हे तिला हवे असल्यास कळवले पाहिजे; तिच्या वाटेला तो येता कामा नये; तिच्या उपचाराचा खर्च समाजाने उचलला पाहिजे. यांतले काहीही करायला नकाशा जगाला खुला असण्याची गरज नाही. तिच्या नावाने चालवलेली यादी तिला यातले काही देत नाही.

जबाबदारीसकट जाणणे कसे दिसते, याचे उदाहरणही १९९४ सालचेच आहे, आणि तेही धर्मश्रद्धेतून आले. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मुलांवर अत्याचार केलेला एक माणूस पूर्ण शिक्षा भोगून सुटला. लोक चिडलेले, पोलीस दारात. मेनोनाइट पंथाचे धर्मोपदेशक हॅरी नाय यांनी आपल्या मंडळीतल्या काही जणांना गोळा केले आणि त्या माणसाभोवती एक वर्तुळ केले. त्यांना त्याचा सगळा गुन्हा ठाऊक होता. कुणीतरी रोज त्याच्याशी बोलायचे, खरेदीला बरोबर जायचे, तो काय करतो, कुठे जातो, मनात काय चालले आहे हे तोंडावर विचारायचे, आणि काही बिनसल्याची शंका आली तर पोलिसांना कळवायचे. ही पद्धत नंतर देशोदेशी पसरली. मिनेसोटाने २००८ साली ती सुरू केली. तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून केलेल्या चाचणीत, वर्तुळ मिळालेल्यांमध्ये पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी अटक होण्याची जोखीम ८८ टक्क्यांनी कमी आढळली. चाचणी लहान होती, शंभराच्या आसपास माणसांची; तिच्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण जेकबच्या राज्यातच हे झाले याला मी महत्त्व देतो. चार-पाच साध्या माणसांनी एका पाप्याला व्यवहार्य करून दाखवले, त्याचे पाप जराही लहान न करता. असे जाणणे अवघड असते, त्याला आठवड्यातून कित्येक तास द्यावे लागतात. नकाशा पाहायला एक मिनिट लागते.

आपल्याला यादीचे धोके अमेरिकेकडून शिकावे लागावेत अशी स्थिती नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमातींची नोंद केली. पारधी, कैकाडी, टकारी माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांची मुक्तता झाली, पण चोरी कुठेही झाली तरी पोलीस आधी पारध्याच्या पालावर जातात हे आजही संपलेले नाही. दोन्ही याद्यांत मूलभूत फरक आहे: तिथे जन्म हाच गुन्हा होता, इथे न्यायालयात सिद्ध झालेले कृत्य आहे. तरी नोंदवहीचा गुण दोन्हीकडे सारखा. एकदा नाव चढले की वाचणारा माणसाकडे पाहतच नाही.

भारतात लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्यात सुमारे ४.४ लाख नोंदी होत्या. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे आणि फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. एखादी भयंकर घटना घडली, संताप उसळला की ती सर्वांना खुली करा असे म्हणणे अगदी स्वाभाविक वाटेल. त्या वेळी आपण दुसरी मागणी करावी: शाळेत, वसतिगृहात, स्कूलबसवर माणूस नेमताना ही नोंद पाहिलीच पाहिजे आणि ती पाहण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचे नाव ठरलेले असले पाहिजे, तक्रार करणाऱ्या मुलाचे म्हणणे त्याच दिवशी नोंदवले गेले पाहिजे, शिक्षा भोगून सुटलेल्याची गाठ महिन्याला घेणारा एक माणूस ठरलेला असला पाहिजे. नोंदवही मात्र आज जिथे आहे तिथेच राहू द्यावी.